तारेपासून सरळ रॉड कापताना या चुका टाळा

रॉड वाकडा निघाला की ऑपरेटरचा हात पहिल्यांदा पान्याकडे जातो. डाय आवळा. लांबी कमी-जास्त आली, फीड रोलर आवळा. कटला बर (कापलेल्या टोकाला उरलेली धारदार कड) आली, ब्लेडचा बोल्ट आवळा. स्ट्रेटनिंग-कटिंग मशीनवरच्या बऱ्याचशा तक्रारी या आवळण्यातूनच जन्माला येतात आणि पुढच्या शिफ्टवाल्याच्या गळ्यात पडतात. तोही बिचारा अजून थोडं आवळतो.

इथे जे लिहितोय ते 2 ते 6 मिमी तारेसाठी, स्पिनरवाल्या मशीनबद्दल. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमध्ये असतं तसं: एका टोकाला स्टँडवर कॉइल, मग तार पुढे ढकलणारे फीड रोलर, मग फिरणारा स्पिनर (त्याच्या आतल्या पाच डायमधून जाताना तार सरळ होते), पुढे कटर, शेवटी रॉडचं टोक अडवणारा स्टॉपर आणि ट्रे. उदाहरणाला वेल्डिंग इलेक्ट्रोडची आतली सळई घेऊ. 5.5 मिमीचा हॉट रोल्ड वायर रॉड खेचून 3.15 मिमी करायचा आणि सरळ करून 450 मिमीचे तुकडे पाडायचे. साधं काम वाटतं, पण सळईला बाक असेल किंवा टोकाला बर असेल तर वरचा फ्लक्सचा (इलेक्ट्रोडवरच्या लेपाचा) थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बसतो. मग आर्क एका बाजूला पळतो आणि वेल्डर शिव्या इलेक्ट्रोडला देतो.

कॉइल न बघता मशीनला लावणे

नवीन कॉइल चढवण्याआधी त्यातलं एक पूर्ण वेटोळं कापून सपाट फरशीवर सोडा. दोन गोष्टी दिसतात. वेटोळं किती मोठं उघडतं, आणि त्याची दोन टोकं फरशीला टेकतात की एक टोक वर उचललं जातं. टोक वर उचललं जात असेल तर तारेत पीळ आहे. नुसता गोल बाक स्पिनर सहज काढतो, पीळ काढताना त्याची दमछाक होते. अशा कॉइलवर डाय कितीही आवळली तरी दर काही रॉडमागे एक नाचरा रॉड येणारच. ती कॉइल बाजूला काढा आणि तार खेचणाऱ्याला परत दाखवा. त्याच्या शेवटच्या डायचा किंवा ड्रमचा कोन बिघडलेला असू शकतो.

दुसरं म्हणजे एकाच व्यासाच्या सगळ्या कॉइल सारख्या धरणं. हीट (पोलाद वितळवल्याची खेप) बदलली, खेचण्याचे पास बदलले की कडकपणा बदलतो. कालच्या कॉइलचं सेटिंग आजच्या कॉइलला चालेलच असं नाही. कॉइल बदलली की पाच रॉड काढून तपासायचे आणि मगच मशीन मोकळं सोडायचं, एवढी शिस्त लावली तरी स्क्रॅप बरंच कमी होतं.

स्टँडच्या ब्रेककडे तर कुणी बघतच नाही. ब्रेक घट्ट असेल तर तार ओढताना फीड रोलर घसरतो आणि लांबी कमी येते. ब्रेक ढिला असेल तर मशीन थांबल्यावर कॉइल फिरतच राहते, वेटोळी एकमेकांवर चढतात आणि गाठ पडते. दोन कॉइल बट वेल्डने जोडल्या असतील तर सांध्याचा फुगवटा घासून काढा, सांधा अनील करा (तापवून हळूहळू गार करून मऊ करा) आणि त्यावर रंगाची खूण करा. खुणेचा रॉड मालात जाता कामा नये.

पाचही डाय सारख्याच सरकवणे

स्पिनरचं तत्त्व असं आहे की तारेला आधी मुद्दाम वाकवायचं, इतकं की ती जुन्या आकाराकडे परत जाणार नाही. मग ते वाकवणं टप्प्याटप्प्याने कमी करत शून्यावर आणायचं. स्पिनर फिरत असल्यामुळे हे सगळ्या बाजूंनी होतं. म्हणून पहिली आणि पाचवी डाय मध्यरेषेवर असते, मधल्या तीन आळीपाळीने या बाजूला आणि त्या बाजूला सरकवलेल्या असतात, आणि सगळ्यात जास्त सरकवणी मधल्या डायला असते. शेवटच्या डायवर जोर दिला तर सरळ झालेली तार बाहेर पडता पडता पुन्हा वाकते. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, कारण बाहेरच्या बाजूची डाय हाताला सोपी पडते.

सेटिंग बिघडलंय असं वाटलं तर आहे त्यावर अजून आवळू नका. सगळ्या डाय मध्यावर आणा आणि शून्यापासून सुरू करा. मधली थोडी सरकवा, शेजारच्या दोन तिच्यापेक्षा कमी, एक रॉड काढा, बघा. एका वेळी एकच डाय हलवा. रॉड सरळ झाला की तिथेच थांबा.

रॉड स्वतःच सांगतो काय बिनसलंय ते. सगळे रॉड एकाच बाजूला सारखे बाकदार येत असतील तर सरकवणी कमी पडतेय, किंवा बाहेर पडायची वाट मध्यरेषेत नाही. रॉड स्क्रूसारखा पीळदार, नागमोडी येत असेल तर सरकवणी जास्त झालीय किंवा फीड स्पीड जास्त आहे. निघालेला रॉड हातात धरवत नसेल इतका गरम असेल तर डाय नक्कीच जास्त आवळलेली आहे.

वाट तपासायची सोपी पद्धत आहे. मशीन बंद करून मेन स्विच काढा, डाय पूर्ण मोकळ्या करा आणि ग्राइंड केलेला एक सरळ रॉड स्पिनरच्या बाहेरच्या तोंडातून कटरच्या बुशमध्ये (ज्या भोकातून तार ब्लेडपाशी येते) आणि पुढे गाइडमध्ये हाताने घाला. कुठे अडतो, कुठे घासतो ते लगेच कळतं. कटरचा बुश अर्धा मिमी जरी खाली बसला असेल तरी वर कितीही डाय सेट करा, उपयोग नाही.

डाय झिजल्या की जुन्या सेटिंगचे आकडेही बाद होतात. तरी एक वही ठेवाच: तारेचा व्यास, ग्रेड, प्रत्येक डायची सरकवणी, स्पिनरचा आरपीएम, फीड स्पीड आणि डाय बदलल्याची तारीख. हे सगळं एकाच जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात असेल तर तो गावाला गेला की मशीन आजारी पडतं.

फीड वाढवला, स्पिनर तोच ठेवला

महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते आणि कुणीतरी फीड वाढवतो. हिशोब करून बघा. फीड मिनिटाला 30 मीटर आणि स्पिनर 5000 आरपीएम असेल तर एका फेऱ्यात तार 6 मिमी पुढे सरकते. डायची लांबी 25 मिमी धरली तर तारेच्या प्रत्येक भागाला त्या डायखाली साधारण चार फेरे मिळतात. फीड 60 मीटर केला की एका फेऱ्यात 12 मिमी, म्हणजे जेमतेम दोन फेरे. तारेला सगळ्या बाजूंनी सारखं वाकायला वेळच मिळत नाही. रॉडवर जो फिरता चरा दिसतो त्याचं अंतर पट्टीने मोजा, तुमच्या मशीनचा खरा हिशोब तिथेच सापडेल. फीड वाढवायचाच असेल तर आरपीएमही त्याच प्रमाणात वाढवा. स्पिनरचं बॅलन्सिंग आणि बेअरिंग तेवढं झेपवत नसतील तर फीड वाढवण्याचा विषयच सोडा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. कटसाठी तार थांबते पण स्पिनर फिरतच राहतो, अशा मशीनमध्ये डाय एकाच जागी तार घासत बसते. रॉडवर डायच्याच अंतराने चमकदार कडी दिसली तर समजा, तार थांबण्याचा वेळ लांबलाय. कटरचा क्लच उशिरा सुटतोय का, हायड्रॉलिक सिलिंडर हळू परततोय का ते बघा. असंच चालू ठेवलं तर त्या जागी तार बारीक होते आणि स्पिनरच्या आत तुटते.

लांबीचा फरक ट्रेमधल्या ढिगाऱ्यातून मोजणे

ट्रेमधून कुठलेही दहा रॉड उचलले, व्हर्नियर लावला, तीन कमी, दोन जास्त. यातून काहीच निष्पन्न होत नाही. सलग वीस रॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि मोजा. फरक कसा पडतो यावरून कारण सापडतं.

सगळेच रॉड सारखेच कमी असतील तर स्टॉपर हललाय किंवा सेटिंग चुकलंय, दोन मिनिटांचं काम. लांबी हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल तर काहीतरी झिजतंय, तापतंय किंवा ढिलं होतंय. सर्व्हो मशीनमध्ये, म्हणजे रोलर किती फिरला यावरून लांबी ठरते तिथे, 100 मिमी व्यासाच्या फीड रोलरचा व्यास झिजून 0.2 मिमीने कमी झाला की लांबी 0.2 टक्क्याने घटते, म्हणजे 450 मिमीच्या सळईला 0.9 मिमी. स्क्रीनवर मात्र 450.0 दिसत राहतं. फेरे मोजणारा एन्कोडर फीड रोलरच्याच शाफ्टवर असेल तर घसरगुंडीही त्याला दिसत नाही. तो फक्त रोलर किती फिरला ते मोजतो. म्हणून वेगळं मोजणारं चाक असलेलं मशीन थोडं महाग पडलं तरी परवडतं.

कधी कमी कधी जास्त, कसलाच मेळ नसेल तर तीन जागा बघा. रोलरच्या खाचेत साबण-तेल साचलंय का? कॉइलचा ब्रेक अडकतोय का? रॉड स्टॉपरवर आपटून मागे येतोय का? स्टॉपरवर आपटून लिमिट स्विच दाबणाऱ्या मशीनमध्ये उलटाही प्रकार होतो. तार स्टॉपरला टेकली तरी रोलर ढकलतच राहतो, गाइड सैल असेल तर बारीक तार आत कमानीसारखी फुगते आणि रॉड लांब निघतो.

घसरतंय म्हणून रोलर आवळला की तारेवर चपट्या पट्ट्या पडतात. गोल तार लंबगोल होते आणि डायमध्ये गेल्यावर सरळपणाही बिघडतो. आधी खाच तारेच्या मापाची आहे का ते बघा. 4 मिमीच्या खाचेत 3.15 ची तार चालवायची, ती पकडत नाही म्हणून दाब द्यायचा, हा सर्रास चालणारा प्रकार आहे.

स्टेनलेसचे लांब रॉड मोजताना तापमानही धरा. 304 स्टील एका मीटरला दर अंशाला साधारण 17 मायक्रॉन वाढतं, माइल्ड स्टील साधारण 12. रॉड खोलीपेक्षा 40 अंशांनी गरम असेल तर मीटरभर स्टेनलेस जवळजवळ 0.7 मिमी लांब दिसेल. संध्याकाळी गरम रॉड मोजून पास केला आणि सकाळी ग्राहकाकडे तो कमी भरला, यात वाद घालण्यासारखं काही नसतं.

बर आली की लगेच ब्लेड बदलणे

ब्लेड बोथट असेलही, पण आधी बुशच्या भोकात तार हलवून बघा. भोक तारेपेक्षा थोडंच मोठं हवं. ते झिजून मोठं झालं की तार कापली जाण्याआधी वाकते, टोकाचे काही मिमी आकडीसारखे वळतात आणि एका बाजूला बरचं शेपूट राहतं. नवं ब्लेड लावलं तरी चार दिवसांत तीच तक्रार येते. ब्लेड आणि बुशमधली फट वाढली असेल तरी हेच होतं. ती फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पत्त्यांनी) मोजा, डोळ्याने नको.

एचसीएचसीआरचं (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमच्या पोलादाचं) ब्लेड ग्राइंड करताना कड निळी पडली तर तिथला कडकपणा गेला. हलका कट घ्या, कूलंट सोडा. चौकोनी ब्लेडच्या चारही कडा वापरता येतात. वापरलेल्या कडेवर मार्करने खूण केली नाही तर बोथट कडच फिरून पुन्हा लागते.

स्टेनलेस आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेला माइल्ड स्टीलच्या तारेच्याच डाय लावणे

स्टेनलेस कास्ट आयर्नच्या डायला चिकटतं आणि ओरखडे पडतात. त्याला ब्राँझच्या किंवा नायलॉनच्या डाय आणि थोडं तेल द्या. जीआय तारेचं जस्त जास्त दाबाने निघतं, भुकटी डायमध्ये साचते आणि मग सेटिंग आपोआप बदलल्यासारखं वाटतं. जीआय चालवताना दर शिफ्टला डाय उघडून ब्रशने साफ करा, हवेचा फवारा मारून भुकटी शेडभर उडवू नका. कडक खेचलेल्या तारेची ताणशक्ती स्ट्रेटनिंगमध्ये थोडी उतरते. त्यामुळे टेस्टला कॉइलचा तुकडा नको, सरळ केलेला रॉड पाठवा.

बाक मोजायची चुकीची रीत

रॉड दोन्ही हातांत धरून एक डोळा मिटून बघणं ही सवय जुनी आहे, ढोबळ अंदाजाला ठीक. पण बारीक रॉड स्वतःच्या वजनानेही लवतो. सरफेस प्लेटवर (अचूक सपाट केलेल्या पाटावर) आडवा ठेवून हलकेच लोटा, जिथे फट दिसेल तिथे फीलर गेज घाला. ड्रॉइंगवर मीटरला 1 मिमी बाक चालेल असं लिहिलं असेल तर 450 मिमीच्या तुकड्याला 0.45 मिमी चालेल असं समजू नका. बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: 0.45 गुणिले 0.45, म्हणजे साधारण 0.2 मिमी. माल नाकारला गेल्यावर हा हिशोब ऐकणारे पुष्कळ आहेत.

हात आणि डोळे

नव्या कॉइलच्या पट्ट्या कापताना समोर उभं राहू नका. तार उसळते, गॉगल हवाच. कॉइलचं शेवटचं टोक स्टँडवरून सुटलं की चाबकासारखं फिरतं. शेवटची काही वेटोळी उरली की फीड कमी करा आणि हेल्परला लांब उभं करा. तार हाताळताना हातमोजे घाला, पण फिरत्या स्पिनरजवळ कधीच नाही. स्पिनरचं झाकण उघडलं की मशीन बंद पडेल असा स्विच बसवा आणि तो तारेचा तुकडा लावून बायपास केलेला दिसला तर त्याच क्षणी काढा.

गठ्ठा बांधताना

सरळ काढलेला माल बांधताना वाकतो ही तर हमखास गोष्ट. दोनच टोकांना बांधलेला लांब गठ्ठा खांद्यावर नेला की मध्ये लवतो. मध्येही एक-दोन बंध घाला आणि खाली लाकडी फळीचा आधार द्या. वजनाचा अंदाज मिमीतल्या व्यासाच्या वर्गाला 162 ने भागून घ्या, उत्तर मीटरमागे किलोत येतं; 3.15 मिमीला मीटरमागे साधारण 61 ग्रॅम येतं. गठ्ठ्यात रॉड कमी-जास्त पडलेत का हे काट्यावरच कळेल, पुन्हा सोडून मोजायला नको. माइल्ड स्टीलला गंजरोधक तेल लावा, पण इलेक्ट्रोडच्या सळईला ग्राहकाला विचारल्याशिवाय लावू नका, फ्लक्स धरत नाही. स्टेनलेसचे रॉड माइल्ड स्टीलच्या ट्रेमध्ये टाकू नका आणि एकाच हातमोज्याने दोन्ही हाताळू नका. लोखंडाचे कण चिकटले की स्टेनलेसवर गंजाचे डाग येतात, आणि ते बहुतेक वेळा माल ग्राहकाच्या गोदामात गेल्यावरच दिसतात.