नाताळगीतांच्या कार्यक्रमाला जाताना

वसईतील एखाद्या चर्चच्या गायकवृंदाची नाताळगीते ऐकायची असतील, तर 25 डिसेंबरपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात तेथील सूचनाफलकावर तारीख पाहून ठेवावी आणि कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचून मधल्या बाकांवर जागा धरावी, कारण सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास हे चारही आवाज तेथे एकजीव होऊन कानी येतात. मोबाइल बंद ठेवावा. गीत संपले तरी शेवटचा स्वर उंच छतात विरेपर्यंत आणि संचालकाचे हात खाली येईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत. माझ्या मते सर्वांत सुंदर क्षण तोच असतो. सर्वांनी मिळून गायच्या गीताचा कागद हाती आला, तर आपला धर्म कोणताही असो, संकोच न करता मोकळ्या गळ्याने गावे.