छोट्या गावांच्या केंद्राचा तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा कसा करावा

बहुतेक शाळा विकास आराखडे म्हणजे मागण्यांची यादी असते. दोन खोल्या, एक शिक्षक, संरक्षक भिंत, संगणक, खाली मुख्याध्यापकांची सही. अशी यादी गटशिक्षण कार्यालयात पोहोचते आणि तिथेच राहते, कारण त्या खोल्यांत पुढच्या तीन वर्षांत किती मुले बसणार, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (सरकारी अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून) येणार आणि त्या खात्याकडे मागणी कोणत्या महिन्यापर्यंत जायला हवी, यातले काहीच तिच्यात नसते. आराखडा मुलांच्या आकड्यापासून सुरू करायचा आणि प्रत्येक कामापुढे पैसे देणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहायची. बाकी सगळे यातूनच निघते.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. आराखडा करण्याची जबाबदारी कलम २२ ने याच समितीवर टाकली आहे. केंद्र सरकारच्या नमुना नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा असतो, त्यात तीन वार्षिक उपआराखडे असतात, आणि समिती ज्या आर्थिक वर्षात प्रथम स्थापन होते ते संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत तो तयार व्हायला हवा. इयत्तावार पटाचा अंदाज, जादा शिक्षक, जादा भौतिक सुविधा आणि वर्षवार जादा निधी या चार गोष्टी त्यात असायलाच हव्यात.

कागद शाळेचा असला तरी विचार केंद्राचा, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाचा करावा. पंचवीस पटाची द्विशिक्षकी शाळा एकटीने फार थोडे करू शकते. केंद्रातल्या दहा-बारा शाळांनी आकडे एकत्र मांडले की कुठे खोली रिकामी पडणार आणि कुठे अपुरी पडणार हे एका तक्त्यावर दिसते. हा तक्ता केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर भरून घ्यावा.

पटाचा अंदाज

मागच्या वर्षीच्या पटात दोन-चार मुले मिळवणे म्हणजे अंदाज नव्हे. अंगणवाडीची नोंदवही घ्या आणि गेल्या तीन वर्षांत पहिलीच्या वयाची झालेली मुले मोजा. समजा ती २०, २१ आणि १९ होती आणि आपल्या पहिलीत अनुक्रमे १४, १५ आणि १३ आली. म्हणजे ६० पैकी ४२, ७० टक्के. पुढच्या वर्षी अंगणवाडीतून २२ मुले बाहेर पडणार असतील तर पहिलीत १५ धरा. त्यानंतरच्या दोन वर्षांसाठी अंगणवाडीतल्या लहान वयोगटांना हेच प्रमाण लावा.

मग एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत किती मुले टिकतात ते तीन वर्षांच्या बेरजेवरून काढा. तीन वर्षांत चौथीत मिळून ४० मुले होती आणि त्यांतली ३४ पाचवीत गेली, तर प्रमाण ८५ टक्के. यंदा चौथीत १६ असतील तर पाचवीत १३ किंवा १४. एकाच वर्षाचे प्रमाण वापरू नका. छोट्या शाळेत एक कुटुंब गाव सोडून गेले तरी टक्केवारी कोसळते.

उरलेली ३० टक्के मुले कुठे जातात हेही नावानिशी लिहा. खासगी शाळेची बस गावात येते, मुले मामाच्या गावी असतात, की कुठेच दाखल नाहीत? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि शेवटचा गट सर्वांत तातडीचा.

अंदाज झाला की कायद्याच्या अनुसूचीशी ताडून पाहा. पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार याची मंजुरी, प्रत्यक्षात त्या वर्षी लागू असलेल्या शासन निर्णयानुसार होते, म्हणून तोही जोडा. ३० सप्टेंबर हा पटाचा संदर्भ दिनांक. त्याआधी प्रत्येक मुलाच्या आधारवरचे नाव आणि जन्मतारीख दाखल-खारीज रजिस्टरशी (शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीशी) जुळते का ते तपासा. शिक्षकाचे पद जाण्यामागे अनेकदा मुले कमी झालेली नसतात, नोंदी जुळलेल्या नसतात. ही दुरुस्ती जुलैतच हाती घ्यावी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग असते.

स्थलांतर

ऊसतोडीला जाणारी गावे केंद्रात असतील तर वर्षभराचा एकच पट धरून केलेला आराखडा खोटा ठरतो. कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ३० सप्टेंबरला बाकावर असलेले मूल दुसऱ्या सत्रात नसते, म्हणून दोन आकडे ठेवा: सप्टेंबरचा आणि जानेवारीचा.

सर्वेक्षण सप्टेंबरमध्ये, मुकादमाची उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे गावात असतानाच करावे. प्रत्येक मुलापुढे तीन रकाने: कोणासोबत जाणार, कोणत्या तालुक्यात, आणि घरी आजी-आजोबा आहेत का. घरी कोणी असेल तर हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे त्या काळात मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीचा, प्रस्ताव द्या. हे काम दिवाळीनंतर हाती घेतले तर मंजुरी येईपर्यंत मुले उसाच्या फडात पोहोचलेली असतात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचे) द्या, त्यावर त्याची वाचनाची आणि गणिताची पातळी लिहा, आणि पालकांना स्पष्ट सांगा की दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. तसे कलम ५ मध्ये आहे. परत आलेल्या मुलांसाठी मार्च-एप्रिलमध्ये रोज दोन तासांचा वेगळा वर्ग आराखड्यातच दाखवा, कोण घेणार त्याच्या नावासह. हा भाग वगळला तर पुढच्या जूनमध्ये तीच मुले मागे पडलेली दिसतात आणि शाळा सोडण्याची सुरुवात तिथून होते.

शिकण्याची पातळी

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचून घ्या: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात एकअंकी संख्या, दोनअंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटे धरली तर २५ मुलांना सव्वाचार तास लागतात, म्हणजे दोन दिवसांत आरामात होते. शेजारच्या शाळेच्या शिक्षकांनी तपासावे आणि आपल्याकडच्यांनी तिकडे जावे. स्वतःच्या वर्गाला प्रत्येक जण नकळत थोडी मदत करतो.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाचे, २०२१ पासूनचे, दुसरीचे उद्दिष्ट मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे आणि तिसरीचे किमान ६०. पण तिसरीची निम्मी मुले अक्षरांवर अडली असतील तर ‘१०० टक्के मुले निपुण’ असे लिहून काही साधत नाही. पातळीनिहाय लिहा: ‘तिसरीतली ६ मुले अक्षरावर आहेत, डिसेंबरअखेर ती शब्दावर आणि एप्रिलअखेर परिच्छेदावर.’ यासाठी रोज ९० मिनिटे इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करावेत. द्विशिक्षकी शाळेत हे अवघड वाटते, पण तिथे तसेही बहुवर्ग अध्यापनच असते. एकाने अक्षर-शब्द गट घ्यावा, दुसऱ्याने परिच्छेद-गोष्ट गट.

उद्दिष्टे तीनच ठेवा: एक वाचनाचे, एक गणिताचे, एक उपस्थितीचे. दहा उद्दिष्टांचा आढावा कोणी घेत नाही.

आणि दिवस मोजा. अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. बैठका, प्रशिक्षण, निवडणुकीचे काम आणि रजा यांत गेलेले दिवस गेल्या वर्षीच्या हजेरीवरून काढा. एक शिक्षक बाहेर असला की द्विशिक्षकी शाळा एकशिक्षकी होते. त्यासाठी केंद्रात पर्यायी शिक्षकांचे वेळापत्रक हवे. कोणत्या शाळेचा शिक्षक कुठे जाईल हे आधीच ठरलेले असावे, सकाळी फोन करून शोधायची वेळ येऊ नये.

खोल्या, पाणी, स्वच्छतागृह

नवीन खोलीचा प्रस्ताव दोन ठिकाणी अडतो. धोकादायक जुन्या खोलीचे निर्लेखन (सरकारी नोंदीतून ती कमी करणे) झालेले नसते, किंवा जागा शाळेच्या नावावर नसते. जमीन कुणी तरी तोंडी दिलेली असते आणि सातबारावर आजही त्याच कुटुंबाचे नाव असते. म्हणून पहिल्या वर्षाच्या उपआराखड्यात उतारे, बक्षीसपत्र आणि निर्लेखनाचा प्रस्ताव एवढेच घ्या, बांधकाम दुसऱ्या वर्षी. उताराच्या रॅम्पचे प्रमाण १:१२ ठेवा: ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला ५.४ मीटर लांबी लागते. जागा कमी म्हणून दोन मीटरमध्ये उरकलेल्या रॅम्पवरून व्हीलचेअर चढत नाही.

स्वच्छतागृहासाठी दर ४० मुलांमागे एक युनिट धरतात: एक शौचालय आणि तीन मुताऱ्या, मुलींचे वेगळे. ते बंद पडते ते पाण्यामुळे. पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी माणशी ५ लिटर, पाणी ओतून वापरायच्या शौचालयासाठी आणखी ३ लिटर. ६० मुले आणि दोन शिक्षक म्हणजे रोज सुमारे ५०० लिटर. नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर १००० लिटरची टाकी हवी. त्याहून लहान टाकी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारी शौचालयाला कुलूप लागते आणि मोठ्या मुली घरी जातात.

पैसा आणि तारखा

समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेच्या निकषांनुसार एकत्रित शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम कमी असू शकते आणि ती बऱ्याचदा मार्चच्या तोंडावर येते. वीजबिल महिन्याला ४०० रुपये धरले तरी वर्षाचे ४,८०० होतात, म्हणजे लहान शाळेचे जवळपास निम्मे अनुदान. त्यामुळे या अनुदानावर खोल्या किंवा प्रयोगशाळा टाकू नका. त्यातून वीज, खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती आणि सफाई भागवा. दरपत्रके फेब्रुवारीतच घेऊन ठेवा, नाहीतर ३१ मार्चला पैसा परत जातो.

पाणी आणि स्वच्छतागृह ग्रामपंचायतीकडे मागा. वित्त आयोगाच्या निधीत या दोन्हींसाठी बंधित, म्हणजे राखीव, वाटा असतो. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असले तरच पैसा मिळतो आणि तो आराखडा ऑक्टोबरपासून आकार घेतो. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र द्या, त्यात काम, माप आणि अंदाजपत्रक असू द्या, आणि समितीतल्या माता-पालकांनी सभेत विषय मांडावा. ठरावाची प्रत त्याच आठवड्यात घ्या. मोठी बांधकामे आणि दुरुस्ती जिल्हा परिषद व जिल्हा नियोजन समितीकडे जातात. तिथे कनिष्ठ अभियंत्याचे अंदाजपत्रक जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

केंद्राच्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे सहा रकाने ठेवा: काम, माप, रक्कम, पैसे देणारे कार्यालय, मागणी पोहोचवण्याची तारीख, पाठपुरावा करणाऱ्याचे नाव. ‘शाळा’ किंवा ‘समिती’ हे नाव नव्हे. एका व्यक्तीचे नाव लिहा. ती व्यक्ती बदलून गेली तर त्याच महिन्याच्या सभेत नवीन नाव टाका. दर महिन्याच्या समिती सभेत हा तक्ता आधी वाचावा आणि इतर विषय नंतर घ्यावेत. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी फक्त तारीख उलटलेली कामे वाचून दाखवावीत. डिसेंबरमध्ये पहिल्या वर्षाचा पटाचा अंदाज प्रत्यक्ष पटाशी ताडून पुढच्या दोन वर्षांचे आकडे सुधारून घ्या. फरक दहा मुलांहून जास्त असेल तर शिक्षक आणि खोल्यांचे रकाने नव्याने भरावे लागतात.