माती अ‍ॅसिड किती जिरवते? घरीच टेस्ट करून बघा

गाड्या-कारखान्यांच्या धुरातले सल्फर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड ढगातल्या पाण्यात मिसळले की अ‍ॅसिड तयार होतं आणि पावसाबरोबर खाली येतं, पण नुकसान सगळीकडे सारखं होत नाही, कारण खालची माती आणि दगड ते जिरवून टाकतात. चुनखडी असेल तर मस्तच, ग्रॅनाइट असेल तर फारसं काही नाही, म्हणून तर नॉर्वे-स्वीडनमधल्या कितीतरी तलावांतले मासे संपले.

लागेल काय: डिस्टिल्ड वॉटर, पांढरं व्हिनेगर, पीएच पट्ट्या (पाणी किती अ‍ॅसिडिक आहे ते रंगावरून दाखवणारे कागद; आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त), कॉफी फिल्टर, बागेतली माती, वाळू. नळाचं पाणी नको, त्यात बायकार्बोनेट असतं, अ‍ॅसिड तेच खाऊन टाकतं आणि श्रेय फुकट मातीला जातं.

१. अर्धा लिटर पाण्यात व्हिनेगरचे १० थेंब टाका. पीएच ४ च्या आसपास आला पाहिजे. स्वच्छ पावसाचा साधारण ५.६ असतो आणि एक आकडा उतरला की अ‍ॅसिड दहापट, म्हणजे हे पाणी त्याच्या चाळीसपट अ‍ॅसिडिक झालं.

२. आधी रिकाम्या फिल्टरमधून थोडं गाळून पीएच बघा. बदलला तर कागदातच गडबड आहे, दुसरा घ्या.

३. आता फिल्टरमध्ये माती भरा, दाबू नका, अर्धा कप पाणी हळूहळू ओता आणि खाली गळलेल्याचा पीएच मोजा. वर चढला तर मातीतले कार्बोनेट, चिकणमाती आणि कुजलेला पाला कामाला लागले असं समजा.

४. तेच वाळूवर करा. पण आधी वाळूवर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फसफसली तर त्यात शंख-शिंपल्यांचा चुरा आहे, तो चुनखडीसारखाच अ‍ॅसिड जिरवतो, म्हणून ती चालणार नाही. मग त्याच वाळूत अंड्याच्या टरफलाची बारीक पूड (तीही चुनखडीसारखीच) मिसळून परत गाळा, फरक पट्टीवर लगेच दिसतो. फळ्यावरचा खडू वापरू नका, तो बऱ्याचदा जिप्समचा असतो, काहीच होत नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो.

५. खरी गंमत इथे आहे, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत: तीच माती न बदलता तिच्यावरच पुन्हा पुन्हा अर्धा-अर्धा कप ओतत राहा आणि दर वेळी पीएच लिहून ठेवा. बराच वेळ आकडा हलतच नाही, वाटतं माती काहीही पचवेल, आणि मग आतला साठा संपत आला की आकडा घसरायला लागतो. चुना भरपूर असलेल्या मातीत कंटाळा येईपर्यंत ओतावं लागतं, तेव्हा व्हिनेगरचं पाणी जास्तच बनवून ठेवा.