इंजिन बसलं: कबाडीतलं टाकायचं की आहे तेच बांधायचं?

गाडीचं इंजिन बसलं, म्हणजे कामातून गेलं, की गावात पहिला सल्ला ठरलेला असते, "भाऊ, नागपूरहून कबाडीतलं इंजिन आणा अन् बसवून द्या". दुसरा रस्ता म्हणजे आहे तेच बांधायचं, उघडून दुरुस्त करायचं. घाई करू नका. आधी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडा, नेमकं काय गेलं ते आपल्या डोळ्यानं पाहा, मगच पैशाचं बोला, कारण बाहेरून पार गेलेलं वाटते ते इंजिन पुष्कळदा खालून धड असते.

माझी गाडी मे महिन्यात कळंबच्या अलीकडे तापली, काटा पार वर गेला, अन् गाव जवळच आहे म्हणून मी ती तशीच दामटली. ही चूक तुम्ही करू नका, काटा चढला की तिथंच बंद करा. ऑईलचं झाकण काढलं तर आतून दुधाच्या चहासारखा फेस, म्हणजे पाणी ऑईलमध्ये गेलेलं. मिस्त्री म्हणे इंजिन गेलं. मी म्हटलं, आधी हेड काढा. हेडवर सरळ पट्टी उभी धरली अन् खालून फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पत्ती सरकवून पाहिली, कडेला कुठंच जात नव्हती पण दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधात अलगद शिरली. हेड तिथं वाकलं होतं. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हेड वाकायची मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते, त्याच्यावर गेलं की लेथवाल्याकडे फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागते. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतात ती भोकं, साफ होते, नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. फेसिंग, नवी गॅस्केट, नवे हेड बोल्ट, एवढ्यात गाडी उभी राहिली, दुसरं इंजिन लागलंच नाही.

टायमिंग बेल्ट तुटून वाल्व वाकले असतील तरी बहुतेक वेळा हेडचंच काम असते. रिंग-पिस्टन गेले, धूर निळा येते, तर बोरिंग करून (बोअर किंचित मोठे करून) ओव्हरसाईज, म्हणजे तेवढेच मोठे पिस्टन टाकता येतात. खालून खटखट आवाज येत असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा खालचा दांडा, पाहा, त्याच्यावर नख अडकलं तर ग्राइंडिंग करून (घासून) थोडी जाड, अंडरसाईज बेअरिंग बसते. पण कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, फोडून बाहेर आला असेल, किंवा पुराच्या नाल्यात गाडी घातली अन् पाणी आत ओढून रॉड वाकून ब्लॉकच गेला असेल, तर आहे ते बांधण्यात अर्थ नाही, तिथं कबाडीतलं इंजिनच परवडते.

माझा नियम सोपा आहे, लोखंड जुनं चालते, घासणारं अन् रबराचं जुनं चालत नाही. हेड, ब्लॉक, सम्प (खालची ऑईलची टाकी), मॅनिफोल्ड (हवा अन् धुराचे पाईप), स्टार्टर, अल्टरनेटर हे चांगलं पाहून जुनं घ्या. गॅस्केट, रिंगा, बेअरिंग, ऑईल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट मात्र नवेच, इथं वाचवलेले पैसे मजुरीत दुप्पट जातात.

कबाडीतलं घ्यायचं ठरलं तर मागून ठोकलेल्या गाडीचं शोधा, शक्य असेल तर चालू करून ऐका. खाली काढून ठेवलेलं असेल तर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, मधात अडकलं तर सोडून द्या. प्लग काढून आत पाणी-गंज पाहा, झाकणाखाली काळा चिखल असेल तर ऑईल वेळेवर बदललेलंच नाही. मॉडेल अन् बीएस (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी दर्जा) तंतोतंत जुळलं पाहिजे, बीएस-४ च्या गाडीत बीएस-६ चं इंजिन टाकलं तर सेन्सर अन् वायरिंगचा त्रास. वॉरंटी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. अन् बसवायच्या आधी, इंजिन बाहेर आहे तेव्हाच वॉटर पंप, बेल्ट, सील बदलून टाका.

बिल दुसऱ्या कारणानंही लागते. इंजिन नंबर ब्लॉकवर असते, म्हणून हेड बदललं तर काही नाही पण ब्लॉक किंवा अख्खं इंजिन बदललं तर आरसीवर नंबर बदलावा लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते, आधी घेतली नसेल तर १४ दिवसांत कळवावं लागते. यवतमाळवाल्यांनी एमएच-२९ ला, वर्ध्यावाल्यांनी एमएच-३२ ला, म्हणजे ज्याचं-त्याचं ऑफिस. बिल नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका, चोरीचं निघालं तर गाडी ठाण्यात.

हिशोब करताना इंजिनच्या किमतीवर थांबू नका, आणायचं भाडं, मजुरी, ऑईल, कूलंट, गॅस्केट किट सगळं जोडा. बेरीज गाडीच्या विक्री किमतीच्या अर्ध्यावर गेली अन् गाडीची १५ वर्षांची नोंदणीही संपत आली असेल, तर मी तरी ती गाडी तशीच विकून टाकीन.

अन् कोणतंही इंजिन बसवा, रेडिएटर आधी उघडून साफ करून घ्या. आपल्याकडे लोक बोअरवेलचं पाणी ओततात, त्याचा क्षार नळ्यांत बसते अन् पहिलं इंजिन त्यानंच तापलं असते. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट घाला, फॅन आपोआप लागते का ते गाडी उभी ठेवून पाहा, आणि बांधलेल्या इंजिनचं पहिलं ऑईल १००० किलोमीटरवर काढून टाका.