ब्लू कार्ड, दोन आडनावं आणि एक टपालपेटी

माझं जर्मनीचं पहिलं ऑफर लेटर 52,000 युरोंचं होतं, आणि तरी त्यावर मला सरळ वाटेनं ब्लू कार्ड (परदेशी पदवीधरांना तिथे राहून नोकरी करण्याचा परवाना) मिळालं नसतं. 300 युरो कमी पडत होते.

त्या 52,000 मध्ये 7,000 बोनसचे होते, तेही टार्गेट गाठलं तरच मिळणारे. पुण्यात आपल्याला सीटीसीची, म्हणजे बोनसबिनस सगळं धरून सांगितलेल्या आकड्याची, इतकी सवय लागलेली असते की त्यातला पक्का पगार किती, हे विचारायचं सुचतच नाही. जर्मन कायदा मात्र कर कापण्याआधीचा, हमखास हातात पडणारा पगार मोजतो. माझा तो भरत होता 45,000, आणि 2024 ची मर्यादा होती 45,300. एचआरच्या बाईंना मेल करताना लाज वाटत होती, आत्ताच तर ऑफर आली आणि लगेच घासाघीस! त्यांनी बोनसमधले 600 उचलून पक्क्या पगारात टाकले आणि दोन दिवसांत नवा करार पाठवला. कंपनीचा एक पैसाही वाढला नाही.

ही मर्यादा दर जानेवारीत बदलते, कारण ती तिथल्या पेन्शन वर्गणीच्या कमाल पगारमर्यादेच्या निम्मी ठरवलेली आहे. 2025 ला ती 48,300 झाली आणि 2026 ला 50,700. त्यामुळे नोव्हेंबरात ऑफर आणि फेब्रुवारीत अर्ज असं होणार असेल तर पुढच्या वर्षीचा आकडा धरूनच बोलणी करा. आयटी, इंजिनिअरिंग अशा मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांना आणि पदवी घेऊन तीन वर्षं न झालेल्यांना सवलतीची मर्यादा आहे, 2026 साठी 45,934.20. पण त्या वाटेनं गेलं की फाइल तिथल्या रोजगार खात्याच्या संमतीसाठीही जाते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमुळे मी त्यात बसत होते, तरी एक जास्तीचं टेबल टाळलेलं बरं, म्हणून ते 600 हलवून घेतले.

पगारानंतर पदवी. ‘आनाबिन’ नावाचा जर्मन डेटाबेस आहे, त्यात आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी दोन्ही शोधायची. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त असल्याची खूण हवी, आणि पदवीपुढे ती जर्मन पदवीच्या तोडीची असल्याचा शेरा हवा. दोन्ही पानांची प्रिंट काढून अर्जाला जोडायची. यात कॉलेजचं नाव शोधत बसू नका. पदवी विद्यापीठ देतं, कॉलेज नाही. माझ्या 2013 च्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ आहे, सावित्रीबाई फुले यांचं नाव 2014 मध्ये लागलं. म्हणून शोधताना दोन्ही नावं टाकून पाहिली आणि नामांतराबद्दल दोन ओळी अर्जासोबत लिहून दिल्या. मागितल्या कुणीच नव्हत्या. पदवी आनाबिनमध्ये नसेल किंवा शेरा अर्धवट असेल तर बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ते आधीच सुरू करा. नर्स आणि डॉक्टरांचं प्रकरण निराळं, त्यांना व्यवसायाचा परवाना लागतो. त्यांनी माझ्या अनुभवावर विसंबू नये.

माझा खरा घोळ नावाचा होता. गुणपत्रिकेवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आपल्याकडे हे बघून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. पण जर्मनीतल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याचं काय चुकलं? मधलं नाव लग्नानंतर बदलतं हे त्याला कुणी सांगायचं? मी महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला जोडला. शिवाय पासपोर्टचं शेवटचं पान जोडलं, कारण माझ्या पासपोर्टवर तिथे आई, वडील आणि जोडीदार तिघांची नावं होती. गुणपत्रिकेवर आईचंही नाव होतं, तेही जुळलं. एका कागदावर दोन्ही नावं लिहून ‘ही एकच व्यक्ती, पुरावा अमुक पानावर’ असं लिहिलं आणि तो सगळ्यात वर ठेवला. व्हिसाचा अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या मुलीनं तो वाचला, मान हलवली आणि पान उलटलं.

याच सुमारास एका एजंटनं मला सगळ्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का, करून घ्यायला सांगितलं, दर कागदामागे वेगळे पैसे. भारत 2005 मध्ये अपोस्टिल करारात आला खरा, पण जर्मनीनं त्याला हरकत घेतली, म्हणून आपल्या कागदावरचा तो शिक्का तिथे चालत नाही. कॉन्सुलेटच्या यादीत जे लिहिलंय तेवढंच द्यायचं. सरळसाध्या ब्लू कार्डासाठी एजंट लागतो असं मला वाटत नाही. व्हिसाची फी 75 युरो, अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म तर कंपनीच भरते. त्यात कामाचे तास, सुट्ट्या, पगार आणि कामाचं स्वरूप असतं. सही होऊन आला की करार शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून बघा. माझ्या फॉर्मवर जुने 45,000 च राहिले होते.

राजीनाम्याबद्दल. माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा होता, म्हणून करार हातात येताच मी राजीनामा टाकून दिला. व्हिसा मिळाला तेव्हा शेवटच्या दिवसाला जेमतेम आठवडा उरला होता, आणि त्याआधीचा महिना मला नीट झोप नव्हती. पुन्हा वेळ आली तर मी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागेन. व्हिसाला वेळ लागतो हे तिकडच्या कंपन्यांना ठाऊक असतं.

ब्लू कार्डाला जर्मन भाषेची अट नाही. जोडीदारालाही येण्याआधी ए वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची, परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्यावर कुठेही नोकरी करता येते. पण म्हणून क्लास सोडू नका. कायम वास्तव्याचा परवाना ए वनवर 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी वनवर, म्हणजे तिसऱ्या पातळीवर, 21 महिन्यांनी. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

उतरल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, म्हणून खोली घेतानाच ‘पत्र देणार ना?’ विचारून घ्या. नोंद झाली की कर क्रमांक टपालानं येतो, बँकेचं कार्ड टपालानं, आणि व्हिसावर आल्यानंतर प्रत्यक्ष ब्लू कार्डासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायचं असतं, त्या भेटीची तारीखही मला टपालानंच येणार होती.

ती येईना. सहा आठवडे वाट पाहून शेवटी कार्यालयात गेले. काचेमागच्या गृहस्थांनी माझंच पत्र काढून समोर ठेवलं, त्यावर शिक्का होता: ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही.’ जर्मनीत पोस्टमन घर नंबर बघून थांबत नाही, पेटीवर नाव नसेल तर पत्र परत नेतो. आणि पेटीवर नाव होतं, पण माहेरचं! माझा ईमेल आयडी कॉलेजपासूनचा, मालकीणबाईंनी त्यातलं आडनाव बघून हौसेनं छापील पट्टी करून लावली होती. मीही रोज ती बघत होते. आपलंच नाव, खटकणार कसं?

व्हिसा संपायला अकरा दिवस होते. त्या गृहस्थांनी फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा घडीचा कागद करून दिला, कार्ड येईपर्यंत जुनी परवानगी चालू असल्याचा. त्यावर मी तीन महिने रोज कामावर गेले.

आता पेटीवर दोन्ही आडनावं आहेत. नवरा आला त्या आठवड्यात पोस्टमननं जिन्यात गाठून त्याला विचारलं, वर नक्की किती कुटुंबं राहतात?