घरात सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम निवडताना रिव्ह्यू कसे वाचावेत

मे महिना लागला की सांगलीतल्या घरांत पुण्या-मुंबईची भाचरं उतरतात. दुपारी बाराच्या पुढे विश्रामबागेत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आमराईत जायचं तर ऊन उतरेपर्यंत थांबावं लागतं. मग कुणीतरी म्हणतं, टीव्हीवर सगळ्यांना खेळता येईल असा एखादा गेम घेऊ या. मोबाइलवर शोधलं की गेमच्या नावाशेजारी एक आकडा दिसतो, 58, 76, 90 असा काहीतरी, आणि पुष्कळ घरांत निर्णय तिथेच होतो.

तो आकडा देणारा समीक्षक बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. पण तो ज्या परिस्थितीत खेळतो ती तुमच्या घरची नसते. म्हणून घरगुती आणि सोप्या गेमवर त्याच्या हातून अन्याय होतो, आणि कधीकधी न झेपणाऱ्या गेमचं कौतुकही होतं. तरीही त्याचं लिखाण बाजूला टाकू नका. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळलं, तर तेच रिव्ह्यू फार उपयोगी पडतात. मी ते कसे वाचतो, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: खेळणार कोण, ते आधी लिहा

रिव्ह्यू उघडण्याआधी कागदावर नावं लिहा. सात वर्षांची भाची, दहावीची परीक्षा दिलेला मुलगा, आई, आत्या आणि चष्मा लावूनही टीव्हीवरची बारीक अक्षरं न दिसणारी आजी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी नोंदवा: कंट्रोलर याआधी हातात धरला आहे का, इंग्रजी भराभर वाचता येतं का, आणि एका बैठकीत किती वेळ खेळतील.

इंग्रजीची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण इंग्रजी रिव्ह्यूत तिचा उल्लेख सापडत नाही. लिहिणाऱ्याला ती अडचणच नसते. आपल्याकडे मात्र पडद्यावर चार ओळींचा संवाद आला की आजी विचारते, ‘काय म्हणतोय तो?’ आणि मोठ्या मुलाला खेळ सोडून दुभाष्याचं काम करावं लागतं. ‘ओव्हरकुक्ड’सारख्या स्वयंपाकाच्या गेममध्ये गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी चित्रांतून येतात, त्यामुळे इंग्रजी न वाचताही खेळ पुढे सरकतो. रिव्ह्यूमधले स्क्रीनशॉट याच नजरेने पाहा: किती अक्षरं, किती मोठी, आणि चित्रावरून किती कळतं.

दुसरी पायरी: आकडा कशाची सरासरी आहे, ते समजून घ्या

बहुतेक ठिकाणी दिसणारा 100 पैकी आकडा मेटाक्रिटिकचा असतो. ही साइट 2001 साली सुरू झाली. वेगवेगळ्या समीक्षकांनी दिलेले गुण एकत्र करून ती सरासरी काढते. या सरासरीत प्रत्येक समीक्षकाचं वजन सारखं नसतं, आणि कुणाला किती वजन हे साइट जाहीर करत नाही. गेमला 75 किंवा जास्त मिळाले तर हिरवा रंग, 50 ते 74 ला पिवळा, त्याखाली लाल.

आता घरगुती गेमच्या इतिहासातली काही उदाहरणं पाहा. निन्टेंडोने 2006 साली टीव्हीला जोडून गेम खेळायचं वी हे यंत्र आणलं आणि जपान वगळता बहुतेक देशांत त्यासोबत ‘वी स्पोर्ट्स’ दिला. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवून टेनिस खेळायचं, चेंडू सोडल्यासारखा हात करून बोलिंग करायचं. ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता असे आजी-आजोबा यात सहज रमले. मेटाक्रिटिकवर त्याला 76 मिळाले. खेळ उथळ आहे, चित्रं साधी आहेत, करण्यासारखं फार नाही, अशा तक्रारी होत्या. त्याच्या 8 कोटींहून अधिक प्रती घरोघरी गेल्या. पाठोपाठ आलेल्या ‘वी प्ले’ला 58 मिळाले. 2009 साली आलेल्या पहिल्या ‘जस्ट डान्स’ला 49 मिळाले, म्हणजे थेट लाल रंग. हालचाली नीट मोजल्या जात नाहीत, हा त्याच्यावरचा मोठा आक्षेप होता. आक्षेप खराच होता. पण दिवाणखान्यात पाच जण एकदम नाचत असताना गुण अचूक पडतात की नाही याची फिकीर कुणाला असते? त्या मालिकेचा नवा भाग अजून दरवर्षी येतो.

इथे विक्रीच्या आकड्यावरही भाळू नका. ‘वी स्पोर्ट्स’ यंत्राबरोबर आला आणि ‘वी प्ले’ जादा रिमोटबरोबर विकला गेला, म्हणून त्या प्रती इतक्या खपल्या. खप मोठा म्हणजे गेम चांगला, हा हिशेब समीक्षकाच्या गुणांइतकाच अपुरा आहे.

सोप्या गेमचा समीक्षक सरसकट तिरस्कार करतात, असंही समजू नका. 2007 च्या ‘पेगल’ला आणि 2009 च्या ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ला त्यांनी भरभरून गुण दिले. हे दोन्ही गेम कुणालाही दोन मिनिटांत समजतात. फरक असा की हे एकट्याने तासन्‌तास खेळावेत असे आहेत. न खेळणाऱ्या माणसांनी घोळका करून खेळायचे गेम आले की समीक्षकाची पट्टी आखूड पडते. म्हणून 60 ते 78 च्या दरम्यानचा गेम फक्त आकड्यावरून यादीतून काढू नका. माझ्या मते घरासाठीची चांगली निवड बऱ्याचदा याच पट्ट्यात सापडते.

तिसरी पायरी: समीक्षक कुणाबरोबर खेळला, ते शोधा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. समीक्षकाला गेमची प्रत बहुधा बाजारात येण्याआधी मिळते. ठरलेल्या दिवशी रिव्ह्यू छापायचा असतो, म्हणून तो आठवडाभरात गेम संपवतो, आणि तोही बहुतेक वेळा एकटाच. शिवाय वर्षानुवर्षं खेळून त्याची बोटं तयार झालेली असतात.

याचा परिणाम कसा होतो ते 20 मार्च 2020 रोजी आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मध्ये स्वच्छ दिसलं. बेटावर घर बांधा, झाडं लावा, मासे पकडा, असा हा शांत गेम. मेटाक्रिटिकवर 90. पण निन्टेंडोच्या एका स्विच यंत्रावर एकच बेट करता येतं. घरातल्या ज्याने पहिल्यांदा गेम सुरू केला, बेटाची प्रगती त्याच्याच हातात राहते. दुसरं भावंड त्याच बेटावर राहू शकतं, पण मोठे निर्णय पहिल्याचेच. एका यंत्रावर दोन-तीन मुलं असलेल्या घरांत यावरून रडारड झाली, आणि चिडलेल्या लोकांनी शून्य गुणांच्या प्रतिक्रियांचा पाऊस पाडला. ती शून्यंही न्यायाची नव्हती, कारण गेम खरंच सुंदर आहे. पण 90 या आकड्यात भावंडांची अडचण कुठेच दिसत नव्हती. एकट्या माणसाला ती जाणवणार तरी कशी?

आपल्या सांगलीत हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, तेव्हापासून या गावाला प्रयोग पाहायची सवय आहे. बालनाट्याची रिकाम्या सभागृहातली तालीम पाहून कुणी परीक्षण लिहिलं, तर संहितेतल्या आणि नेपथ्यातल्या उणिवा त्याला बरोबर दिसतील. राक्षस आल्यावर समोरच्या रांगेतली पोरं किंचाळली की नाही, हे मात्र त्याला कधीच कळणार नाही. एकट्याने खेळून लिहिलेला पार्टी गेमचा रिव्ह्यू असाच असतो.

म्हणून रिव्ह्यूत पुढच्या गोष्टी शोधा: ‘माझ्या मुलीबरोबर’, ‘आईवडिलांना खेळायला दिला’, ‘चार मित्र जमवले’. असं एखादं वाक्य सापडलं की त्या रिव्ह्यूला इतर दहांपेक्षा जास्त मान द्या, मग त्यातले गुण कमी का असेनात. मुलांच्या वयानुसार लिहिलेली मतं हवी असतील तर कॉमन सेन्स मीडिया या अमेरिकन संस्थेची साइट पाहा. तिथे पालकांची मतंही वाचायला मिळतात.

चौथी पायरी: तक्रारींचे दोन ढीग करा

रिव्ह्यूतली प्रत्येक तक्रार एकतर समीक्षकाची असते किंवा सगळ्यांची. ‘फार सोपा’, ‘चार तासांत संपतो’, ‘नवीन काही नाही’, ‘ग्राफिक्स साधे’ या तक्रारी समीक्षकाच्या. आत्याला पहिल्याच दुपारी जिंकता येणं हा तुमच्यासाठी गुण आहे. चार तासांचा गेम सुट्टीतल्या आठ संध्याकाळींना पुरतो, कारण तुम्ही रोज जेवणाआधी अर्धा तासच खेळणार.

दुसरा ढीग गंभीर आहे. मध्येच अडकतो, बटण दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येतो, मेनू गोंधळाचा आहे, प्रत्येक फेरीआधी लांबलचक लोडिंग, मधूनच सेव्ह करता येत नाही. या उणिवा कसलेला खेळाडू सहन करतो, नवखा माणूस करत नाही. आजीने बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर तिला वाटतं आपलंच चुकलं, आणि ती कंट्रोलर खाली ठेवते. गाजलेल्या कार्टूनचं किंवा सिनेमाचं नाव लावून घाईत बनवलेल्या गेमना समीक्षक 30-40 गुण देतात, तेव्हा त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवा. मुलांसाठी आहे म्हणून कसाही चालेल, या वृत्तीविरुद्ध सातत्याने बोलणारे समीक्षकच आहेत, आणि त्यांचे याबद्दल आपण आभार मानले पाहिजेत.

कौतुकालाही हीच चाळणी लावा. ‘इट टेक्स टू’ हा दोघांनीच खेळायचा गेम, 2021 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. नवरा-बायकोने किंवा दोन भावंडांनी खेळावा असा. पण त्यात एका अंगठ्याने पळायचं आणि दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा, हे एकाच वेळी जमावं लागतं. ज्याने कधी कंट्रोलर धरला नाही त्याला पहिला तास जड जातो. याउलट ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी आणि वेग आपोआप देणारी सोय आहे. रिव्ह्यूत तिला जेमतेम एखादी ओळ मिळते, पण पाच वर्षांच्या मुलासाठी गेम खेळता येणं किंवा न येणं त्या ओळीवर ठरतं. म्हणून रिव्ह्यूत ‘असिस्ट’, म्हणजे नवख्याला मदत करणारी सोय, हा शब्द शोधा.

पाचवी पायरी: खोक्यावरची माहिती तपासा

‘1 ते 4 खेळाडू’ असं लिहिलेलं असेल तर ते एकाच टीव्हीसमोर की इंटरनेटवरून, हे पाहा. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या साइटवर एकाच पडद्यासमोर बसून खेळता येणाऱ्या गेमसाठी ‘स्प्लिट स्क्रीन’ किंवा ‘लोकल को-ऑप’ अशी वेगळी नोंद असते. चार जणांना चार कंट्रोलर लागतील का, याचा खर्च आधीच धरा.

पेगी या युरोपातल्या मानांकनाचे 3, 7, 12, 16, 18 हे आकडे वयाचे आहेत आणि ते मुख्यतः आशयाबद्दल बोलतात: मारामारी, भीती, शिव्या. 3 लिहिलेला गेम तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईल, असा त्याचा अर्थ नव्हे. बुद्धिबळालाही 3 मिळू शकतात.

सहावी पायरी: मोबाइलच्या गेमसाठी वेगळी पद्धत

2016 साली आलेला ‘लुडो किंग’ 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे घराघरांत खेळला गेला. सांगलीतली मावशी आणि ठाण्यातला भाचा एकाच पटावर बसले. एवढा मोठा खेळ, पण अशा गेमवर नावाजलेले समीक्षक क्वचितच सविस्तर लिहितात. टीका करून नव्हे, दुर्लक्ष करून होणारा हा अन्याय मला जास्त खुपतो.

त्यामुळे इथे प्ले स्टोअरवरच्या लोकांच्या मतांवर भिस्त ठेवावी लागते. पाच तारे आणि एक तारा सोडून द्या. दोन आणि तीन ताऱ्यांची मतं, सर्वांत नवी आधी, अशी वाचा. नवीच का, तर मोबाइलचे गेम अपडेटगणिक बदलतात. दोन वर्षांपूर्वी कौतुक झालेल्या गेममध्ये आज प्रत्येक फेरीनंतर जाहिरात असू शकते. ‘इन-ॲप खरेदी’ अशी नोंद असेल तर मुलांच्या हाती फोन देण्याआधी खरेदीसाठी पासवर्ड लावा.

सातवी पायरी: पैसे देण्याआधी पाहा, दिल्यावर लगेच खेळा

यूट्यूबवर ट्रेलर पाहू नका. न कापलेला, वीस मिनिटांचा सलग खेळ पाहा, आणि तो आई-आत्यांना शेजारी बसवून पाहा. ‘हे मला जमेल’ असं त्या म्हणाल्या तर निम्मं काम झालं.

परताव्याचे नियम आधी वाचा. स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गुगल प्लेवर 48 तासांच्या आत परतावा मागता येतो. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की ही सवलत सहसा संपते. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात गेम घेऊन ठेवू नका. सगळे जमले की घ्या आणि त्याच संध्याकाळी सगळ्यात नवख्या माणसाच्या हाती आधी कंट्रोलर द्या. मोठ्या मुलाला शिकवू द्या, पण खेळून दाखवू देऊ नका.

आठवी पायरी: तुमचा रिव्ह्यू लिहा, मराठीत

आपल्यासारख्या घरांची मतं कुठेच नोंदलेली नसतात, म्हणून समीक्षकाचा एकटा आवाज ऐकू येतो. स्टीमवर आणि प्ले स्टोअरवर मराठीत लिहिता येतं. तारे देऊन थांबू नका. किती जण खेळले, त्यांची वयं, कोण पहिल्यांदा खेळत होतं, इंग्रजीवाचून कुठे अडलं, कितव्या मिनिटाला कोण उठून गेलं आणि कोण परत आलं, हे लिहा. उदाहरणार्थ: ‘पाच जण, वय सात ते सत्तर. आजीला अक्षरं दिसली नाहीत, पण रंगांवरून खेळता आलं. दोन कंट्रोलर पुरले, पाळीपाळीने. मेनू इंग्रजीत, एकदा कुणीतरी लावून द्यावा लागतो. जाहिराती नाहीत.’ कोणत्या यंत्रावर किंवा फोनवर खेळलात ते शेवटी लिहा, आणि महिन्याभराने गेम बदलला असेल तर त्याच मतात तशी दुरुस्ती करा.