पोळ्या करताना मुलाला सोबत कसे घ्यावे

अडीच ते पाच वर्षांच्या मुलाला शिकवायला वेगळा तास काढू नका. संध्याकाळी कणीक मळून झाली की लिंबाएवढा एक गोळा बाजूला काढा.

मुलाला ओट्यावर बसवू नका. गॅसपासून लांब, जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर उपडे ताट, लहान लाटणे, चमचाभर पिठी एवढेच ठेवा. त्याची कणीक आपल्यापेक्षा जरा घट्ट हवी. सैल कणीक बोटांना चिकटते, मूल वैतागते आणि दोन मिनिटांत उठते.

पहिले चार-पाच दिवस काहीही शिकवू नका. दाबू दे, ओढू दे, सुरळ्या करू दे. चिमटीने कणीक तोडताना अंगठा आणि बोटे जे काम करतात, तेच पुढे पेन्सिल धरताना लागते. आपण बोलायचे ते त्याच्या हातातल्या वस्तूबद्दल: ‘केवढा लांब साप केलास! हा दुसरा आखूड झाला.’ लांब-आखूड, जाड-पातळ हे शब्द असेच रुजतात. ‘याला काय म्हणतात, सांग बरं’ असे परीक्षा घेणारे प्रश्न टाळा. एखादा प्रश्न विचारलातच, तर मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर गप्प राहा. उत्तर जुळवायला मुलांना आपल्याला वाटते त्याहून जास्त वेळ लागतो.

मग मोजणी. आकडे म्हणता येणे वेगळे, मोजता येणे वेगळे. दहापर्यंत घडाघडा म्हणणारे तीन वर्षांचे मूल ‘मला तीन गोळे दे’ म्हटल्यावर पुष्कळदा मूठभर उचलून देते. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून उमगलेले नसते. म्हणून ताटांत पोळ्या वाढायचे काम त्याला द्या: आजीला एक, बाबांना एक. एखादे ताट रिकामे राहिले तर ‘अरे, एक राहिली’ म्हणू नका. त्याला स्वतःला दिसू दे. तीन पक्के झाले की मगच चार.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५च्या सुमारास आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने हीच शिकण्याची साधने झाली. घरातही डाळी-कडधान्ये आहेतच, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती शेंगदाणे, हरभरे, वाटाणे देऊच नका. दाणा नाकात जातो, श्वासनलिकेत अडकतो. त्यापुढेही पाच वर्षांपर्यंत समोर बसूनच द्या. कच्ची कणीक खाऊ लागले तर भाजलेल्या पोळीचा तुकडा हातात द्या, कच्च्या पिठाने पोट बिघडू शकते.

सगळ्यात जास्त बिघडते ते आपल्या हातांमुळे. मुलाने लाटलेली वेडीवाकडी पोळी पुन्हा गोल करून दिली की पुढच्या वेळी ते ‘तूच कर’ म्हणते. आहे तशी भाजा, त्याच्याच ताटात वाढा. घाईच्या दिवशी हा खेळ मांडूच नका. इतर दिवशी शेवटी ओले फडके त्याच्या हाती द्या. सांडलेली पिठी पुसणेही त्याला तितकेच आवडते.